सहाशे अकरा अर्ज

३ मार्च

दादा,

'सप्रेम नमस्कार' लिहायला घेतलं होतं, पण हात वळेना. म्हणून नुसतंच दादा. दीड वर्षांनी लिहितेय. फोन केला असता तर तू कापला असतास. पत्र कापता येत नाही, फाडावं लागतं, आणि फाडायच्या आधी माणूस ते एकदा वाचतोच.

काही काम आहे म्हणून लिहितेय असं समजू नकोस. एक आकडा हाती आलाय आणि तो तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

आमच्या प्रयोगशाळेत (तीच, जिथे तुझी धाकटी बहीण 'पाण्याच्या बाटल्या धुते') वरिष्ठ शास्त्रज्ञाची एक जागा निघाली. पिण्याच्या पाण्यातलं शिसं, आर्सेनिक मोजायच्या यंत्रावरची. एका जागेला सहाशे अकरा अर्ज आले. आकडा ऐकून आमचे संचालकसाहेब असे फुलले, जणू सहाशे अकराही लेकरं त्यांचीच. बैठकीत तीनदा म्हणाले, "बघा, लोकांना आपल्याकडे यायचंय!" मग एवढे अर्ज वाचणार कोण हा प्रश्न निघाला तेव्हा सगळे छताकडे बघायला लागले. साहेबांची नजर माझ्यावर थांबली. मी पडले तात्पुरती. ढीग माझ्या टेबलावर आला.

आता तुझा आकडा आठव. माझी डॉक्टरेट झाली त्या वर्षी तुमच्या संस्थेत कायम जागा निघाली होती. मी अर्ज लिहून तुला दाखवायला आणला होता. तू तो उघडलासुद्धा नाहीस. बाल्कनीच्या कठड्याला टेकून म्हणालास, "छोटे, चारशे बारा अर्ज आलेत. चारशे बारात एक! लॉटरीच्या तिकिटावर आयुष्य काढायचं नसतं." मी मुकाट्याने भागाकार केला आणि अर्ज कपाटात टाकला. पुढे जिथे म्हणून जागा निघेल तिथला आकडा तू न विचारता कळवत राहिलास. दोनशे ऐंशी. पाचशे साठ. पावसाचा अंदाज सांगावा तसा. चार वर्षांत मी एकही अर्ज केला नाही.

तर त्या सहाशे अकरांपैकी दोनशे माझ्या हाताखालून गेलेत. एकाने मधमाश्यांवरचा प्रबंध जोडलाय. एकाने पोहण्याचं प्रमाणपत्र. एकजण लिहितो, "मी कोणत्याही पदासाठी योग्य आहे." एकाने एकच अर्ज चार वेळा पाठवलाय, दर वेळी वेगळा फोटो लावून, आणि आमच्या यादीत तो चार माणसं झालाय. एकाच्या अर्जात 'आदरणीय' या शब्दापुढे नुसती टिंबं आहेत. नाव भरायचं राहून गेलं.

या लोकांशी माझा मुकाबला होता, दादा? या टिंबांना घाबरून मी चार वर्षं बाटल्या धुतल्या?

छोटी


१० मार्च

दादा,

तुझं उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती.

इथे एक हेडक्लार्क आहेत, निवृत्तीला आलेले. तीस वर्षं असले ढीग उपसलेत त्यांनी. त्यांना आम्ही काका म्हणतो. पहिल्या दिवशी मी प्रत्येक अर्ज पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचत होते. ते येऊन बघत उभे राहिले, मग म्हणाले, "बाई, असं वाचाल तर तुम्हीच निवृत्त व्हाल. हे सगळं खोगीरभरती असतं. फौज म्हणून मोजायची, आणि जवळ जाऊन बघावं तर निम्मे बाजारबुणगे."

"पण काका, सहाशे अकरा..."

"आकडा पाहुण्यांना सांगायला असतो. आपण ढीग करायचे. नाही, बघू आणि हो. 'नाही'चा ढीग टेबलावर मावत नाही, तो जमिनीवर घाला."

तसंच झालं. शंभरावर अर्ज दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा आलेले. अडीचशेवर लोकांकडे मागितलेली पदवीच नाही. उरलेल्यांतल्या बहुतेकांनी ते यंत्र फक्त चित्रात पाहिलेलं. शिवाय मजा अशी की काकांनी शेजारच्या संस्थेतून त्यांची मागच्या महिन्यातली यादी आणवली. तिच्यात चारशे नावं, आणि त्यातली निम्मी आमच्याकडचीच! तेच हौशे-नवशे-गवशे इथून तिथे फिरतात, आणि प्रत्येक संस्था त्यांना पुन्हा पहिल्यापासून मोजते. तुझे दोनशे ऐंशी आणि तुझे पाचशे साठ ही वेगवेगळी माणसं नव्हती, दादा. एकच जत्रा होती, फक्त गाव बदलत होतं.

हे सगळं मी तुला हसत हसत सांगणार होते. पण गुरुवारी दुपारी चारशे अडतीसावा अर्ज उघडला.

नाव वाचलं. मग फोटो बघितला. फोटो जुना आहे, तेव्हा तुझे केस होते.

दादा, पहिल्याच ओळीत तू लिहिलंयस, "आपल्या खनिज संशोधन संस्थेत काम करणं हे माझं बालपणापासूनचं स्वप्न आहे." आम्ही पाणी तपासतो. दुसऱ्या पानावर तिसऱ्याच कुठल्यातरी संस्थेचं नाव आहे. यंत्राबद्दल एक अक्षर नाही, आणि तू त्या यंत्रावर सात वर्षं काम केलंयस! मला ते पहिल्यांदा लावायला तूच शिकवलंस. आणि सगळ्यात शेवटी, बारीक अक्षरात: विभागप्रमुख, कंत्राटी, मुदत समाप्त. तारीख दोन वर्षांपूर्वीच्या मार्चमधली.

म्हणजे दीड वर्षापूर्वी मावशीकडे सगळे जेवायला बसलेले असताना तू हात पुसत माझ्या बाटल्यांवर बोललास आणि मावशीचे जावई फिदीफिदी हसले, तेव्हा तुझी नोकरी जाऊन सहा महिने झाले होते. बडा घर, पोकळ वासा.

तुझा अर्ज मी तिथल्या तिथे 'नाही'च्या ढिगात टाकला.

छोटी


१९ मार्च

दादा,

मागच्या पत्रात एक खोटं लिहिलं. तुझा अर्ज ढिगात टाकला नव्हता. आठ-दहा दिवस माझ्या खणात होता. रोज सकाळी खण उघडायचे, बघायचे आणि बंद करायचे. काल टाकला. जमिनीवर, मधमाशीवाल्याच्या वर.

तेवढ्या दिवसांत एक गोष्ट केली. वहिनीच्या बँकेत जेवणाची सुट्टी असते त्या वेळी तिला फोन केला. मी काही विचारायच्या आतच ती रडायला लागली. म्हणाली, "हे रोज सकाळी डबा घेऊन निघतात. वाचनालयात बसतात. मी एकदा मागे जाऊन बघून आले. मला माहीत आहे हे त्यांना माहीत नाही. रोज दोन अर्ज पाठवतात. झोपेतसुद्धा म्हणतात, आकडा वाढवला पाहिजे."

तिने मला शपथ घातली होती, तुला सांगू नको म्हणून. मी मोडतेय. दोन वर्षं तू तिच्याशी नाटक करतोयस आणि ती तुझ्याशी, आणि दोघंही रोज एकच डबा भरताय. पुरे झालं.

रोज दोन अर्ज! म्हणजे वर्षाला सातशे. दादा, ज्या गर्दीची तू मला भीती घातलीस ती गर्दी तूच आहेस. कुठल्यातरी संस्थेत कुठलीतरी मुलगी आज आकडा ऐकून माघार घेत असेल. त्या आकड्यात तू एक आहेस. न वाचलेला, दुसऱ्याच संस्थेचं नाव असलेला, पण मोजलेला.

वहिनीने आणखी एक सांगितलं. ते लिहू की नको याचा मी दोन दिवस विचार केला. ती म्हणाली, चार वर्षांपूर्वीच्या त्या चारशे बारांत तूही होतास. कायम होण्यासाठी तूही अर्ज केला होतास. चौघांना बोलावलं, त्यात तू नव्हतास.

तर मग मला थांबवलंस ते काळजीपोटी नव्हे. दोन माणसांना पुरेल एवढी हिंमत तुझ्यात नव्हती, इतकंच. ज्या माणसाचा शब्द मी देवासारखा मानला, तो माझ्याच रांगेत उभा राहून मला सांगत होता की रांग फार मोठी आहे, घरी जा.

तुझी तोंडभर स्तुती करायला आई अजून शेजारणींना बोलावते. तिला मी काही सांगितलेलं नाही.


२ एप्रिल

दादा,

तुझं उत्तर मिळालं. तीन वाक्यं. पुन्हा उतरवून काढतेय, म्हणजे तू काय लिहिलंयस ते तुझ्याही डोळ्यांसमोर राहील.

"माझा अर्ज वाचलास ते बरं केलं नाहीस. त्या वर्षी तुझा अर्ज मी उघडला होता, तू आत चहा करत होतीस तेव्हा. चांगला होता."

चांगला होता. हे दोन शब्द तू चार वर्षं कुठल्या खिशात ठेवले होतेस? त्या दिवशी मी आमटीत मीठ दोनदा घातलं. आईने विचारलं, डोकं दुखतंय का. मी हो म्हटलं.

आता माझी फजिती ऐक, म्हणजे फिटंफाट होईल.

सगळे अर्ज संपले. 'हो'च्या ढिगात किती उरले असतील? अकरा. जाहिरात वाचलेले, यंत्र हाताळलेले आणि आमच्या प्रयोगशाळेचं नाव बरोबर लिहिलेले सहाशे अकरांत अकरा. त्यातही खरे तालेवार चार. मी ते अकरा दोरीने बांधून काकांकडे नेले. त्यांनी चाळले, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "यात तुमचा कुठाय?"

"माझा?"

"बाई, ते यंत्र रोज चालवतं कोण? तुम्ही. बिघडलं की उघडतं कोण? तुम्ही. मग अर्ज कुठाय?"

आणि मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "अहो काका, सहाशे अकरा अर्ज आलेत!"

ते इतक्या मोठ्याने हसले की शेजारच्या खोलीतून टायपिस्ट उठून आली. "तुम्हीच मोजलेत ना हो?" म्हणाले. "एकेक हाताने उचलून जमिनीवर तुम्हीच टाकलेत ना?"

तुझ्यावर मी इतकं तोंडसुख घेतलं, पण तुझा आकडा माझ्या हाडात किती मुरलाय ते त्या दिवशी कळलं. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच.

मी तशीच साहेबांकडे गेले. साहेबांनी नुकतीच अर्जाची मुदत पंधरा दिवसांनी वाढवली होती. कशासाठी, तर वार्षिक अहवालात हजाराचा आकडा चांगला दिसेल म्हणून! मी म्हटलं, मलाही अर्ज करायचाय. ते म्हणाले, "तुम्ही बाकीच्यांचे अर्ज वाचलेत. आता तुम्हाला घेतलं तर लोक काय म्हणतील?" त्यांचं बरोबर होतं. त्या माणसाचं आयुष्यात एकदा बरोबर निघालं आणि ते नेमकं माझ्या वाट्याला आलं.

दार बंद झालं. कुणी ढकलून लावलं नाही. मी चार वर्षं बाहेर उभी होते, इतकंच.

सोबत एक कात्रण जोडलंय. दुसऱ्या शहरातली संस्था, पाण्यातले धातू, तेच यंत्र, कायम जागा. खाली फुशारकीने छापलंय की मागच्या वेळी सातशेवर अर्ज आले होते. मी अर्ज करतेय. तूही कर.

पण एकच. वाचनालयात बसून जे पाडतोस तसले दोन नव्हे, एक. त्यांनी काय मागितलंय ते वाच. सात वर्षं काय केलंस ते लिही. संस्थेचं नाव तपास. आणि मी तुला मदत करणार नाही, तूही मला करू नकोस. दोघांनी रांगेत उभं राहायचं, पण या वेळी मी घरी जाणार नाही.


२६ मे

दादा,

परवा मुलाखतीनंतर तू बसकडे गेलास आणि मी उलट्या दिशेने. धड बोललो नाही, म्हणून लिहितेय.

तुला बोलावलं असेल असं मला वाटलं नव्हतं. खरं सांगते, बोलावू नये असंच वाटत होतं. जिना चढून वर आले तर पाच खुर्च्या, आणि तिसरीवर तू. ढगळ कोट आणि मांडीवर फाइल. मी चष्मेवाल्या बाईंच्या पलीकडे जाऊन बसले. दहा मिनिटं आपण दोघं समोरच्या भिंतीवरच्या आग विझवायच्या नळकांड्याकडे बघत होतो.

मग तू विचारलंस, "किती अर्ज होते म्हणे?"

"मोज ना. समोरच बसलेत."

आणि तू खरंच बोटाने मोजलेस. स्वतःवर आल्यावर जरा थांबलास. "पाच," म्हणालास.

"कार्यालयात म्हणाले, आठशे चाळीस," कडेचा तो उंच माणूस म्हणाला. त्यावर चष्मेवाल्या बाई हसल्या. "दोन महिन्यांत ही माझी चौथी मुलाखत. चारही ठिकाणी हे गृहस्थ होते. आता आम्हाला एकमेकांच्या मुलांच्या परीक्षासुद्धा ठाऊक आहेत."

तू तेव्हा माझ्याकडे बघितलंस. तुझा चेहरा पडला होता. आकड्यांच्या आडोशाला इतकी वर्षं काढलेला माणूस पहिल्यांदा उघड्यावर आला होता. आठशे चाळीसांत हरणं सोपं असतं रे, कुणी नाव ठेवत नाही. पाचांत हरलं की कोणाला तरी तोंड दाखवावं लागतं.

आत मला विचारलं, यंत्र खोटं बोलतंय हे कसं ओळखता? मी म्हटलं, आधी त्याला शुद्ध पाणी पाजते. त्यातही शिसं दाखवलं तर पाणी नव्हे, यंत्र तपासते. हे कुणी शिकवलं, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, भावाने. ते खरं होतं, म्हणून सांगितलं. तुझ्यावर उपकार म्हणून नव्हे.

तुझी मुलाखत कशी झाली ते मी विचारलं नाही. बाहेर आलास तेव्हा कॉलर घामाने भिजली होती. पण ताठ चालत होतास.


८ जुलै

दादा,

खेदपत्र दोघांनाही एकाच दिवशी आलं असेल. "आठशे चाळीस गुणवंत उमेदवारांमधून आपली निवड करता आली नाही." तेच छापील वाक्य. आईने माझं पत्र वाचलं आणि म्हणाली, "आठशे चाळीस! मग त्यात कसली लाज?"

मी म्हटलं, "आई, आम्ही पाचच होतो."

"पाच?"

"पाच. आणि त्यातला एक तुझा मुलगा."

मग सगळं सांगितलं. कंत्राट, वाचनालय, चारशे बारा. मला वाटलं होतं ती कोसळेल. ती भाजी निवडत राहिली. म्हणाली, "वर्षभर माहीत आहे मला. फोनवर तो मला माझ्या गोळ्यांची नावं विचारतो. कामात असलेला मुलगा आईशी इतका वेळ बोलत नाही." मग म्हणाली, "मी शेजारणींपुढे त्याची टिमकी वाजवायचे, ती त्याच्या कानावर जावी म्हणून. वाटायचं, त्याला बरं वाटेल." आपल्या घरात कोण कोणाला फसवत होतं याचा हिशोब मी आता सोडून दिलाय.

पुढचं ऐक. सोमवारी त्या संस्थेतून फोन आला. जागा चष्मेवाल्या बाईंना दिली होती. त्यांना दुसरीकडूनही बोलावणं होतं, त्या तिकडे गेल्या. आता दुसऱ्या क्रमांकाला विचारताहेत. दुसरा क्रमांक माझा.

मी पहिल्यांदा काय केलं असेल? आठशे चाळीसांत दुसरी, असं मनात म्हणून बघितलं. छान वाटलं. मग स्वतःचीच लाज वाटली. पाचांत दुसरी, तीही पहिली निघून गेली म्हणून. हे खरं आहे, आणि मला तेवढं पुरतं. मी हो म्हटलं.

तुझ्याबद्दलही विचारलं. त्या गृहस्थांना सांगायचं नव्हतं, पण मी चिकटपणा केला. तू चौथा होतास. म्हणाले, काम पक्कं आहे, पण बोलताना सारखी माफी मागत होता. ही बातमी वाईट आहे. गोड करून सांगायला मी काही तू नाही. पण चार वर्षांत तुझ्याबद्दल कुणीतरी खरोखर वाचून, ऐकून दिलेलं हे पहिलं मत आहे. त्याचं काय करायचं ते तू ठरव. आठशे चाळीसांत चौथा म्हणून मिरवलास तर मात्र पुन्हा पत्र येणार नाही.

मी तुला माफ केलेलं नाही. ते आपोआप होत असेल तर होऊ दे, मी त्यासाठी खटपट करणार नाही.

पुढच्या रविवारी मी निघते. खोली लहान आहे, सुरुवातीला आईला नेता येणार नाही. मी तुझं नाव काढायच्या आतच ती बॅग भरायला बसली आणि म्हणाली, "मी त्याच्याकडे जाते. विचारू नकोस, कळव."

म्हणून कळवतेय. शनिवारी दुपारी तिला घेऊन येते. तिच्या गुडघ्याला तुमचे तीन मजले झेपणार नाहीत, एका बाजूने धरावं लागेल. मी दुसऱ्या बाजूने धरीन. वहिनीला पाठवू नकोस. खाली तू ये.

छोटी